बालवाडीच्या बाईंनी केलेला ‘आ’

लोम, मंगळवार

प्रिय नेवेनाताईस,

रादकाचा नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुमची बकरी, तिघांचंही बरं असेल अशी आशा करते. आमच्याकडे सगळे धडधाकट (सगळे म्हणजे मांजर).

गेल्या गुरुवारी आम्हा बालवाडीच्या बायकांना मुलांच्या दातांचं प्रशिक्षण मिळालं. प्लेव्हेनहून एक पोरसवदा डॉक्टरीणबाई आल्या, सोबत कलिंगडाएवढा प्लास्टिकचा जबडा. झोपण्याआधी पोरांना बिस्किटं देऊ नका म्हणाल्या, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका गेर्गिनाबाई बिस्किट चघळतच मान डोलवत होत्या. मग जोड्या लावल्या. एकमेकींचा ओठ उचला, हिरड्या बघा, जिभेखाली बघा, म्हणजे पोरांचं तोंड तपासता येईल. माझ्या वाट्याला गेर्गिनाबाई! मी ओठ उचलला आणि त्यांची वरची कवळी माझ्या तळहातावर आली. (वीस वर्षं जिचा धाक बाळगला, ती बाई अशी कोमट, ओली हातात!)

"हशलीश तर बघ!" त्या ओरडल्या.

मी हसले. एरवी किडके दात झाकायला तोंडावर हात ठेवते, पण हातात कवळी. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. "बाई, असाच आ ठेवा हं, दुर्लक्ष केलं की काय होतं ते सगळ्यांना दाखवते." सगळ्या भोवती गोळा झाल्या. जीभ वर करायला लावली आणि डॉक्टरीणबाई बॅटरी घेऊन आणखी जवळ वाकल्या.

"हा पांढरा चट्टा कधीपासून आहे?"

मी म्हटलं, इस्टरपासून, मिरचीनं असेल. त्यांनी बॅटरी विझवली आणि सगळ्यांना कॉफीला पाठवलं. कॉफीच्या सुट्टीला अजून तासभर होता, ताई.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासायचा म्हणतात. मी मुळीच घाबरले नाही. शुक्रवारी एकोणीस पोरांना दात घासायला शिकवलं. छोटी झोर्नित्सा माझ्या तोंडात डोकावून म्हणाली, "बाई, तुम्हालापण शिकवू का?" शिकवलंन.

भावजींना नमस्कार.

तुझी रादका

ता. क. सतरा तारखेला सकाळी नऊला प्लेव्हेनच्या इस्पितळात बोलावलंय. भावजींना सांगू नकोस, गावभर करतील.

ता. क. २. मुळीच घाबरले नाही म्हटलं ते खोटं. येशील? बोलू नकोस काही, नुसती बाहेर बस.

ता. क. ३. रविवारी तू तीनदा "कोण आहे? बोला की!" म्हणून वैतागलीस, ते फोन माझेच होते.