तिन्ही चिठ्ठ्या लंबूच्या

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. यातलं ‘विशेष’ या खेपेला खरंच विशेष आहे, तेव्हा आधी बसून घे.

भाऊजींनी लावून दिलेली नोकरी मी अजून सोडलेली नाही. चष्म्याच्या काचा घासून बोटांचे ठसे गेलेत. आता चोरी करायलाही हरकत नाही. कॉलेज मधेच सोडून आलो म्हणून दुकानात माझं नाव ‘कॉलेज’ पडलंय. नाव ठेवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे आमचे जुने कारागीर. तीस वर्षं लोकांची नजर सुधारतायत आणि स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर शोधतात.

दर सोमवारी तयार चष्म्यांची पेटी दवाखान्यात पोचवायची असते. अर्धा दिवस मोकळी हवा मिळते, म्हणून मास्तर, माझ्या जोडीला काम करणारा लंबू आणि मी, तिघांनाही जायचं असतं. भांडण नको म्हणून मास्तर पेन्सिलीने तीन चिठ्ठ्या लिहून रिकाम्या चष्म्याच्या डबीत टाकतात आणि मालक डोळे मिटून एक उचलतात. उरलेल्या दोन न उघडताच कचऱ्यात. ताई, आज सलग चौथ्यांदा माझी निघाली!

आणि दवाखान्यात पेटी कोण उतरवून घेतं? ती. डोळे तपासायच्या खोलीबाहेर बसून नंबरांची कार्डं लिहिते. डावखुरी आहे, करंगळीला कायम शाई. आज सहीसाठी पेन पुढे केलं ते टोपण काढून. तू हसशील, पण टोपण कुणी सगळ्यांना काढून देत नाही. मीही गेल्या आठवड्यात एका चिठोऱ्यावर तुझा पत्ता लिहून तिला देऊन ठेवलाय. उद्या तिच्या घरच्यांना चौकशी करावीशी वाटली तर आपल्याकडचं मोठं माणूस नको का?

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तो वाढव, आता दोघांना पुरायला हवा.
तुझा,
तोफखाना

३० जानेवारी

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

पेनाच्या टोपणावरून लग्नापर्यंत पोचलास, धन्य आहे! तुझे भाऊजी म्हणतात, माझं टोपण त्यांनी वर्षानुवर्षं काढून दिलं, तरी चहा त्यांनाच करावा लागतो. पण एक सांग, तिला काही विचारलंस का, की नुसता नशिबालाच विचारत बसलायस? आणि माझा पत्ता वाटत सुटायला मी काय धर्मशाळा आहे?

परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख पंधरा एप्रिल. कॉलेज तुला विसरलेलं नाही, तू त्याला विसरू नकोस. वेळेवर जेव. रागावलास तरी पत्र टाकत जा.
तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
नमस्कार. विशेष काही उरलेलं नाही.

सात सोमवार माझे निघाले आणि नशिबाने पाठ फिरवली ती फिरवलीच. आज लंबू सलग चौथ्यांदा गेला. त्या पहिल्या सोमवारचा शर्ट मी दर सोमवारी घालतोय, कॉलर विरली. डावा बूट आधी घालून पाहिला, उजवा आधी घालून पाहिला. लंबूला काय त्याचं! परत येतो आणि दवाखान्यातला पंखा किती गार वारा देतो ते सांगतो. तिने माझं काही विचारलं का, असं मी त्याला म्हटलं, तर पडलेला स्क्रू शोधायला टेबलाखाली गेला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

तिला सगळं सांगायचं मी ठरवलंय. एक सोमवार मिळू दे फक्त. तूच एक आहेस जिला हे लिहिता येतं.
तुझा,
तोफखाना (दारू ओली)

१८ मार्च

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद.

नशिबाचं असंच असतं, कधी देतं, कधी हात आखडतं. मनाला लावून घेऊ नकोस. फॉर्म आणून ठेवलाय, सही तेवढी करून पाठव. तब्येत जप.
तुझी,
ताई

२४ मार्च

ताई,

नमस्कार लिहायला हात उठत नाही.

आज पुन्हा लंबू निघाला. मास्तरांनी उरलेल्या दोन चिठ्ठ्या फेकल्या त्या नेम चुकून माझ्या काच घासायच्या चाकाखालच्या पाण्याच्या घमेल्यात पडल्या. मी काच घासत होतो. पाणी पिऊन त्या आपोआप उलगडल्या. पेन्सिलीचं अक्षर पाण्याने जात नाही. एकीवर लंबू. दुसरीवरही लंबू.

मी घमेलं लाथाडलं, चार काचा फुटल्या. मास्तरांची गचांडी धरली, तर म्हातारा हलला नाही. म्हणाला, पहिले सात सोमवार तिन्ही चिठ्ठ्यांवर ‘कॉलेज’ होतं, तेव्हा बरं चाललं होतं ना? सोमवारी सकाळी बाहेर पडायला आसुसलेला माझा चेहरा बघवत नव्हता म्हणून त्यांनीच ते केलं. मग खणातून एक पत्र काढून दिलं. अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही.

याला तिकडे पाठवू नका, कारण कळू देऊ नका. खाली तुझी सही. आणि मला लिहितेस, नशिबाचं असंच असतं! मला आलेल्या त्या मागच्या पत्रात तू मला एकदाही चिडवलं नव्हतंस, तिथेच मला कळायला हवं होतं.

माझं नशीब म्हणून मी ज्याच्याशी हसलो, भांडलो, ते तुम्ही वाटून घेतलं होतं. चांगलंही तुमचंच, वाईटही. का केलंस, एवढंच लिही.

३० मार्च

चि. —,
आशीर्वाद चालणार नसतील तर बाजूला ठेव, पण पत्र पूर्ण वाच.

तू दिलेल्या पत्त्यावर फेब्रुवारीत तिचं पत्र आलं. तिचं लग्न ठरलंय, तिच्या पसंतीने. तुला दोनदा सांगायला घेतलं, पण तू बोलायला लागलास की दुसऱ्याला फट मिळत नाही, असं तिने लिहिलंय. तू चांगला आहेस, पण तुझ्या रागाची तिला भीती वाटते. तुम्हीच थांबवा, म्हणाली. मला वाटलं, चिठ्ठी निघत नाही म्हणून तू नशिबावर रागावशील आणि हळूहळू विसरशील. नशिबावरचा राग ओसरतो. माणसावरचा तुझा ओसरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. चुकले. तिचं पत्र सोबत आहे.
तुझी,
ताई

७ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. या खेपेला नुसताच.

मागचा सोमवार मी बुडवला. आज चिठ्ठ्या मी लिहिल्या. मास्तर, लंबू, कॉलेज. तिघांना उघडून दाखवल्या, मग घड्या घातल्या. मालकांनी डोळे मिटून उचलली ती माझी निघाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरोखर माझी, आणि नेमकी आज! लंबू म्हणाला, नको जाऊस, मी जातो. त्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

गेलो. वाटेत सुनवायचं सगळं पाठ केलं होतं. तिने मला पाहिलं आणि खुर्ची थोडी मागे सरकवली. एवढीशीच, पण सरकवली. ताई, माझ्यापासून कुणी खुर्ची मागे सरकवतं हे मला आजवर दिसलंच नव्हतं. मी ‘चौदा चष्मे’ एवढंच म्हणालो, सही केली आणि थांबलो. गप्प राहिलो, तिला फट मिळावी म्हणून. तिने खणातून तुझ्या पत्त्याचा चिठोरा काढून दिला आणि म्हणाली, समोर सांगायला हवं होतं, माझं चुकलं. मी मान हलवली. तिच्यावर राग नाही. तिने मागितलं ते तिच्या हक्काचं होतं.

तुझ्यावर आहे. फॉर्म सही करून पाठवतोय, तो माझ्यासाठी. माफी समजू नकोस. चिठोराही सोबत आहे, पत्ता तुझा, तू ठेव. पुन्हा कधी माझ्याबद्दल कुणी त्यावर लिहिलं, भलं किंवा बुरं, तर तसंच माझ्याकडे धाड.

लोभ आहे, पण सध्या कुलपात आहे. किल्ली माझ्याकडे राहू दे. आणि माझी चिठ्ठी यापुढे मला उघडू दे.
तुझा,
धाकटा