उंची उणे आठ, चढ दोन

ती. बाबांना आणि त्यांच्या रंध्याला नमस्कार.

गणितात नापास झाले, हे ताईकडून कळलंच असेल. जेवण वेळेवर होतंय. तुमची कंबर कशी आहे, खरं सांगा.

चूक अशी झाली: वक्ररेषेचा एका बिंदूपाशी चढ विचारला होता. मी विकलन न करताच आकडा मूळ समीकरणात घातला आणि उंची काढून आले. तुम्ही खुर्चीच्या गोल पाठीला पट्टी टेकवून तिथला कल बघता, तेवढंच करायचं होतं. सुताराची मुलगी असून विसरले.

काल तेच गणित पुन्हा सोडवलं. उंची आली उणे आठ, चढ आला अधिक दोन. म्हणजे बिंदू शून्याच्या खाली, पण रेषा वर निघालेली.

परीक्षा पुन्हा देणार आहे. सध्या मी त्याच बिंदूवर आहे, बाबा.

तुमची हट्टी धाकटी