मिरजेची कबुतरं

कॅसल हिल, १५ मार्च २०२०

सौ. शोभास सप्रेम नमस्कार.

आपल्या मितालीने काल कॅनबेराचं युद्धसंग्रहालय दाखवलं. तिथे काचेमागे एक कबूतर आहे, पेंढा भरलेलं. लढाईत भर वादळातून चिठ्ठी घेऊन उडालं, म्हणून संकटात सापडलेली बोट वाचली. त्याला चक्क पदक मिळालंय! मला गहिवरून आलं, तर नातू तनय म्हणाला, आजोबा, इट्स जस्ट अ बर्ड. आपल्या ढाबळीत सांग, तुमच्या जातीला इथे मान आहे म्हणावं. एप्रिलात येतोच. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्राचा फोटो पाठवतोय.

लोभ आहेच, कबुतरांनाही त्यातला थोडा दे.

तुझा,
रविंद्र

मिरज, २ जुलै २०२०

मितालीच्या बाबांना सा. न. वि. वि.

खास विमानं सुटतायत म्हणून लगेच निघू नका. तुम्हाला दमा, आणि इथे गल्लीत रोज अ‍ॅम्ब्युलन्स येते. लेक ठेवून घेतेय तर राहा. तुमच्या लाडक्यांनी माझं वाळवण घाण केलं. शिव्या देत देत मीच ढाबळ झाडते. करडी मादी हल्ली माझ्या खांद्यावर बसते. तुमच्या कधी बसली होती का?

माया असू द्या, पण तिथूनच.

शोभा

मिरज, ९ सप्टेंबर २०२०

ती. रविंद्रकाकांस, शेजारच्या विलासचा शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर काकू गेल्याचं सांगितलं, पुढे बोलताच येईना, म्हणून लिहितो. त्यांना धाप लागली तेव्हा तुम्हाला कळवतो म्हणालो, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, ते ऐकायचे नाहीत, निघतील. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढताना कबुतरांना दाणे घालायला बजावलं. दवाखान्यात मला आत सोडलं नाही. शेवटी चेहरा लांबूनच दाखवला.

कबुतरांचं काय करू? सांगलीचे एक शौकीन सगळी न्यायला तयार आहेत.

तुमचाच,
विलास

कॅसल हिल, १२ सप्टेंबर २०२०

चि. विलास यास अ. उ. आ.

सांगलीकरांना नाही म्हण. त्यांनी सोडली की ती थेट घरी येतील, आणि घरात कोणी नसेल.

मला तिकीट मिळालं. मिताली खूप रडली. तिथे आता कोण आहे, असं विचारत होती. मी बॅग भरत राहिलो. तुझ्या काकूने माझा जीव जपला रे. तो घेऊन मी इथे बसून काय करू?

शुक्रवारी निघतो. किल्ली तुझ्याकडेच ठेव. कुलूप तूच काढ. माझ्याने व्हायचं नाही.

तुझा,
काका