राणीचा रुमाल

पेद्रा मान्सा,
३ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय झुल्मिराताई,

गुडघे कसे आहेत? शहरातली हवा मानवली का? फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. त्याला कॉफी पाजून ठेवली आहे, तुझ्या हातात दिल्याशिवाय तो परतायचा नाही.

इकडे सगळं ठीक. तिसरा ट्रक घेतला. बाजारात पोती उचलणाऱ्या पोराच्या दारात तीन ट्रक! बाबा असते तर एवढंच म्हणाले असते, "धुतलेस का?"

रविवारी रोझरीमातेचा सण. राजा-राणीच्या सोंगांचा खेळ यंदा नदीकाठच्या मैदानावर, मांडव धरणवाल्या कंपनीचा. मी नेहमीप्रमाणे जिंगा राणीचा दूत. अंगोलातून बेड्यांत आलेल्या आपल्या माणसांनी गाण्यात लपवून आणलेली ती राणी. आजीनंतर तिचा मान तुझा. खेळात राणी दिसत नाही, तिचा रुमाल दिसतो. तो तू घेऊन गेलीस. सहा वर्षं मी खेळातल्या काँगोच्या राजापुढे रिकामा हात धरतो. ढोल वाजतात, पण रुमाल पाहून सगळे उभे राहायचे, तसं आता कोणी राहत नाही. एफिजेनिया मावशी तर पहिल्या रांगेतून ओरडते, "काय रे दूता, भीक मागतोस का?"

एक सांगायचं राहिलं. नाचताना पायात बांधायचे छर्र्यांचे डबे माझ्या भिंतीवर टांगलेले असतात ना, ते सोमवारी भर दुपारी वाजले. वारा नव्हता. ट्रक म्हणावा, तर माझे तिन्ही दारात उभे. मंगळवारी पुन्हा. आज दोनदा. शेवटी गावाच्या वरच्या अंगाला कंपनीच्या धरणाच्या पायथ्याशी जाऊन जमिनीला कान लावला. आत कोणी ओलं पोतं ओढत नेतंय, असा आवाज.

इंजिनिअर म्हणाला, "काका, वय झालं. कानातला मळ काढून घ्या."

"साहेब, इंजिनात एक बोल्ट सुटला तरी या कानाला कळतं."

तो हसला. पण गाडी त्याने चढावाकडे तोंड करून लावली होती.

ताई, तुला माहीत आहे, तरी लिहितो. धरण पक्कं आहे असं घरोघर सांगत मीच फिरलो. धरणाला संमती देणाऱ्या कागदावर गावातर्फे पहिली सही माझी. पहिला ट्रक त्यानंतर आला. तू दारात म्हणालीस, "दूतच विकला गेला, तर राणीनं बोलायचं कोणाच्या तोंडून?" आणि निघून गेलीस.

धरणावरून आल्यावर मावशीला म्हटलं, खेळ डोंगरावरच्या दफनभूमीपाशी करू, सगळ्यांना तिकडे घेऊन चल. म्हणाली, "का? कंपनीला आता मेलेल्यांची जमीनपण हवी झाली?" सगळा ओटा हसला. मीही हसलो.

माझ्या शब्दावर या गावात आता कोंबडीसुद्धा खुराड्यातून बाहेर येत नाही. राणीच्या शब्दावर येतील. पुराच्या साली आजीनं रुमाल पाठवला, तेव्हा सगळं गाव चुलीवरची भांडी तशीच टाकून चढलं होतं. तू तिच्या कडेवर होतीस म्हणे.

म्हणून एकच ओळ लिही, "डोंगरावर चला." रुमालात बांधून ड्रायव्हरकडे दे. माझ्यासाठी नको देऊ. तू मात्र येऊ नकोस. सणाला, घर बघायला, कशालाच येऊ नकोस.

तो शनिवारी संध्याकाळी परततो. मी स्टँडवर असेन. रुमाल आला नाही, तरी रविवारी मैदानात मी तेच बोलेन, रिकामा हात पुढे करून. कोणी उठलं नाही, तर मीही तिथेच बसेन.

डबे पुन्हा वाजताहेत. थांबतो.

तू अजून मानत असशील तर,
तुझा दूत
देउस्देते