बुटकी खुर्ची

४ मार्च
काटकोन नोकरी सोडतोय! महिनाअखेरीस. आमच्या फर्निचरच्या कारखान्यात त्याच्याइतका चोख सांधा कुणी बसवत नाही, म्हणून तर हे नाव. कारण विचारलं तर म्हणे, "काही नाही ताई, बदल हवा." डोंबलाचा बदल! मला ठाऊक आहे ना. आमच्याकडे कुणी संसार थाटला की सगळे मिळून त्याला टेबल आणि दोन खुर्च्या करून देतात. पाय एकाचे, फळी आमच्या मुख्य मिस्त्रींची, पॉलिश माझं. सांधे कायम काटकोनाचे. त्याने जानेवारीत घर मांडलं, तर सगळे मुके! कारण घरात बायको नाही, जोडीदार आहे. दवाखान्यात काम करणारा उंचापुरा, हसरा गडी.

घरी आले तर सासूबाईंकडे गल्लीतल्या शिवणबाई. सासरे गेल्यापासून रोजचंच आहे. पत्ते, चहा, पुन्हा चहा. साखर पुरत नाही!

५ मार्च
जेवणाच्या सुट्टीत काटकोनाला गाठलं. "अरे, तूच बोल ना मिस्त्रींशी."

"मी बोललो तर मागितल्यासारखं होतं, ताई. इथे विनोद होतात तेव्हा मीपण हसतो. काय करणार? तुम्ही बोललात तर तुम्हाला कोण काय म्हणणार आहे?"

खरंच की! नवरा आहे, दोन पोरं आहेत. तोंडही आहे, आणि ते काही लहान नाही.

६ मार्च
नाही बोलले. ऐन वेळी दातखीळ बसली. स्वतःचाच राग येतोय.

७ मार्च
बोलले!! भर सुट्टीत, सगळ्यांसमोर — "काटकोनाचं टेबल कधी करायचं?"

कुणीतरी खिदळलं. मिस्त्री म्हणाले, "ते लग्नाचं असतं, बाई."

"संसाराचं असतं! एकमेकांशी भांडायचं, भाजी चिरायची, तापात उशाशी बसायचं — करतात ना ते दोघं? आपल्या सगळ्यांच्या टेबलावर तो राबला. त्याच्या वेळी आपण तोंड फिरवतो आणि वर विचारतो, का चाललास? त्याने का बोलावं? बोलायला आपलं काय जातंय?"

पॉलिशने बरबटलेले हात हवेत नाचवत होते, समोरच्याच्या डब्यात थेंब पडला म्हणे. मिस्त्री डबा बंद करून कामाला लागले.

रात्री जेवताना सगळं साग्रसंगीत सांगितलं. हे म्हणाले, "शाब्बास!" सासूबाईंचा घास हातातच राहिला. म्हटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा सांग गं, काय काय म्हणालीस?" पुन्हा सांगितलं. मीठमसाला लावून.

११ मार्च
मिस्त्रींनी सकाळी जपून ठेवलेली फळी बाहेर काढली. "पाय कोण करतंय?" बस्स, एवढंच! मला रडू आलं. डोळ्यांत भुसा गेला म्हणून सांगितलं. कुणालाही पटलं नाही.

२० मार्च
टेबल पोचवलं. काय हसलोय आज! दोघं ऐटीत खुर्च्यांवर बसले, तर जोडीदाराचे गुडघे थेट हनुवटीला! आमची जुनी पद्धत — एक खुर्ची बुटकी, नवरीच्या मापाची. सगळ्यांचे हात सवयीने चालले, एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही! काटकोन पोट धरून खाली बसला. मिस्त्री लाजून लाल. "उद्या नवी आणतो. माझ्या हातची."

निघताना काटकोन म्हणाला, "राजीनामा मागे घेतला, ताई. माझ्याशिवाय तुमची मापं चुकतात."

बुटकी खुर्ची मी घरी आणली. मोडायला देववेना.

२१ मार्च
सासूबाई त्या खुर्चीत बसल्या. पाय अगदी नीट जमिनीला टेकले. म्हणाल्या, "अशीच आणखी एक करून देतील का गं तुझे लोक? आम्ही दोघीही बुटक्याच."

शिवणबाईंचे पत्ते पिसणारे हात थांबले. मी विचारलं, "पत्ते खेळायला का?"

सासूबाई हसल्या. "अगं, इतकी वर्षं आम्ही नुसते पत्तेच खेळतोय, असं वाटलं तुला?"

उद्या मिस्त्रींना सांगायचंय. टेबलसुद्धा लागेल.