बांगडीवरची एच. पी.

आई,

तुला न विचारता बांगडी नेली, माफ कर. परत आणून बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे. मला कामावर पळायचंय, पण क्लाइव्हमामा चारला ती न्यायला येतोय, म्हणून आधी हे वाच.

“एच. पी. म्हणजे हॅरल्ड पिम. बापाच्या हातचं सोनं मुलाकडेच जायला हवं,” असं तो आजी गेल्यापासून म्हणतोय आणि तू गप्प बसतेस. म्हणून आज सकाळी मी सोन्यावर शिक्के मारतात त्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी भिंग लावलं. जहाजाचा नांगर म्हणजे आपलं बर्मिंगहॅम, मुकुट आणि १८ म्हणजे अठरा कॅरेट, आणि शेजारचं अक्षर सालाचं. साल निघालं १९५१!

मी म्हटलं, “अहो, आजोबा तर सत्तेचाळीसच्या थंडीतच गेले.”

“मग एच. पी. ही घडवणाऱ्याची खूण कोणाची ते बघूच,” म्हणत त्यांनी जुनी नोंदवही काढली.

हेस्टर पिम. धंदा सोनारकाम. पत्ता आपल्याच गल्लीचा आणि खाली आजीची सही. मी तिथेच रडले गं.

आजोबांमागे ती कारखान्यात झाडलोट करायची म्हणे! आई, तिने स्वतःच्या नावाची खूण नोंदवली होती. तुझ्या लग्नात तिने तुझ्या हातात घातली ती तिनेच घडवलेली बांगडी.

मामाला चहा दे, केक दे. पण दार उघडशील ते बांगडी घालूनच.

थेल्मा