कोकणची उत्तर कड

बाई, नववीत तुम्ही भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा उतरवलात, माझ्या हातात कोरा कागद दिलात आणि म्हणालात, कोकण दाखव. मी समुद्राकाठी एक ठिपका काढला. "कोकण काय एस.टी. स्टँड आहे का गं, ठिपका द्यायला? माणसं पसरून राहतात तिथं." अख्खा वर्ग हसला. तुम्ही देवाघरी गेलात त्यानंतरही कित्येक वर्षं माझा राग गेला नव्हता.

आता इंटरनेटवर एक नकाशा आहे. त्यात कुणीही काढावं, कुणीही सुधारावं. सायबर कॅफेत बसून मी आधी आमच्या भाईंदर पश्चिमेच्या गल्ल्या काढल्या आणि मग सगळ्या कोकणाभोवतीच हद्दीची रेघ घातली. दुसऱ्या दिवशी रेघ गायब, तिच्या जागी ठिपका! कुणा परदेशी गृहस्थानं कारण लिहिलं होतं: एवढ्या मोठ्या प्रदेशाला नेमकी सीमा नसते, रेघ सांभाळणं अवघड, नावापुरता ठिपका पुरे. सोय मला कळते हो. पण एक कड धूसर आहे म्हणून बाकीच्याही पुसायच्या? समोर समुद्र आहे, पाठीशी सह्याद्री आहे, ते काय आम्ही कल्पनेतून आणले? मी पुन्हा काढली. त्यानं पुन्हा पुसली. असं चार वेळा झालं.

पेच होता तो उत्तरेच्या कडेचा. खालच्या मजल्यावरच्या, मूळ रत्नागिरीच्या काकू म्हणाल्या, "भाईंदर कसलं गो कोकण? पनवेल सुटल्याशिवाय कोकण लागत नाही." मी जवळच्या उत्तन गावच्या मासेवाल्या मावशींना विचारलं. कोयता हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "मंग आमी काय गुजरातचे हाय? घाल आमाला आत!"

घातलं. रेघ वसई ओलांडून थेट डहाणूच्या पलीकडे नेली.

पाचव्या वेळी त्या गृहस्थानं एवढंच विचारलं, आधार काय? मी लिहिलं, 'भूगोलाच्या स्थानिक शिक्षिकेनं शिकवलेली हद्द.' त्यानं पुन्हा पुसली नाही. रेघ आजही आहे, आणि मी ती पुसू देणार नाही.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. ती हद्द तुम्ही कधी शिकवलीच नव्हती. काकू किंवा मावशींचं नाव घातलं असतं तर उद्या त्या उलटल्या असत्या. तुम्ही उलटणार नव्हतात, बाई, म्हणून तुम्हाला पुढे केलं.